उसवायची बैठक

निवृत्तीने बैठक बोलावली की चहा पुष्पाबाईने करायचा, निकाल किसनकाकांनी द्यायचा आणि चूक जयमालाची निघायची, असा या घराचा पायंडाच पडला होता. या रविवारी मात्र चूक आधीच सापडली होती. ती तीन मीटर लांब होती आणि सपरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, सतरंजीवर पसरून ठेवली होती.

चूक म्हणजे जयमालाने सव्वा वर्ष खपून भरलेलं कापड. सासऱ्यांच्या तेरवीची पंगत तिने सुईदोऱ्याने त्यावर मांडली होती, आणि पंगतीत घरातलं एकेक माणूस जसं आहे तसं बसवलं होतं. म्हणजे जसं ते स्वतः आरशात कधी बघत नाही तसं. पुण्याच्या एका प्रदर्शनवाल्यांनी ते निवडलं. सोमवारी उद्घाटन. कापड घेऊन जयमालाने स्वतः यायचं, रविवारीच दुपारी एकच्या बसने चिखली आणि तिथून पुढे पुणं, असं ठरलं होतं. पिशवी भरून झाली होती. अडतीस वर्षांच्या आयुष्यात जयमाला एकटी कुठे गेली असेल तर ती अमडापूरच्या बाजारात, आणि तिथूनही ‘इतका वेळ काऊन लागला?’ याचं उत्तर तयार ठेवूनच परत आली होती. त्यामुळे या एकच्या बसकडे तिचा जीव किती लागला होता, ते तिचं तिलाच माहीत.

पण प्रदर्शनवाल्यांना दम निघाला नाही. त्यांनी कापडाचा फोटो आपल्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ग्रामीण स्त्रीच्या मौनाचा टाक्याटाक्यांतून उमटलेला खट्याळ हुंकार.’ जयमालाच्या नावापुढे ‘मौन’ हा शब्द वाचून मोठ्या जावेला, पुष्पाबाईला, ठसका लागला. तिथवर ठीक होतं. खरी आग लागली ती बाजारातल्या चहाच्या टपरीवर. कोणीतरी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि ओरडलं, ‘अबे, हा तं निवृत्तीभाऊ हाय!’ त्या दिवशी निवृत्ती टपरीवर गेला तेव्हा चार ओळखीची माणसं त्याच्याकडे न बघता कपात बघून हसत होती. निवृत्ती चहा न पिता घरी आला. बारा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

‘आजच्या आज उसवायचं,’ खुर्चीत बसत निवृत्ती म्हणाला. ‘नाही तं हे कापड या घरातून हालत नाही. गोविंदा, सांग तुह्या बायकोले.’

नऊ वाजले होते. गोविंदाने मान हलवली. मग बायकोकडे बघून पुन्हा हलवली. जयमाला खांबाआड पदर डोक्यावर घेऊन बसली होती. ती भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ निवृत्ती याच्याशी, सरळ बोलत नसे. लग्न होऊन आली तेव्हा सासूने घालून दिलेली रीत होती ती. भासऱ्याला जे सांगायचं ते नवऱ्याकडून, नवरा नसला तर पोराकडून, आणि कोणीच नसलं तर भिंतीकडे तोंड करून. सतरा-अठरा वर्षं ती भिंतीशी बोलत आली होती. भिंतीने कधी उलट उत्तर दिलं नाही, एवढंच बरं. बाकी मनात साचलं ते सुईच्या नाकातून गेलं.

‘यायले सांगा,’ जयमाला नवऱ्याला म्हणाली, ‘उसवल्यावर कापडाले भोकं राह्यतात. भोकाचं कापड पुण्याले कसं नेऊ?’

‘नको नेऊ,’ निवृत्ती म्हणाला. तो उत्तर मात्र सरळ देई. रीत काय ती सुनेला होती.

किसनकाकांनी घसा खाकरला. निवृत्ती-गोविंदाचे हे चुलते. गावातली निम्मी भांडणं त्यांनी मिटवलेली, आणि उरलेली निम्मी त्यांनी मिटवल्यामुळेच पेटलेली. त्यांनी बशीतला चहा भुरकला आणि निवाड्याच्या आवाजात सांगितलं, ‘हे पाह्य निवृत्ती, पोरीची सव्वा वर्षाची मेहनत हाय. सगळं काऊन उसवायचं? जे खोटं हाय ते उसवू. जे खरं हाय ते राहू द्या. हाव का नाही?’

‘हाव,’ निवृत्ती म्हणाला. त्याची खात्री होती, सगळंच खोटं आहे. स्वतःबद्दल प्रत्येकाची तशीच खात्री असते. ‘अन् आक्काले मी मुद्दाम बोलावलं. तिचं तं लयच वाईट काढलं हिनं. आक्काच सांगन.’

आक्का म्हणजे अन्नपूर्णाबाई, या भावांची थोरली बहीण. पिंपळगाव राजाहून पहिल्या बसने आली होती. भिंतीला टेकून बसलेली, हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. निवृत्तीने तिला फोनवर सांगितलं होतं की तुझी सगळ्या जगात बदनामी झाली. ती फक्त ‘येते’ म्हणाली होती. आताही ती काही बोलली नाही. जयमालाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. आक्का काय बोलेल याची तिला सगळ्यांत जास्त धास्ती होती.

‘माह्यापासून सुरू करा,’ निवृत्ती म्हणाला.

पंगतीच्या मधोमध निवृत्ती होता. तीन वर्षांपूर्वी तो ग्रामपंचायतीला उभा राहून पडला, तोच हा निवृत्ती. डोक्यावर फेट्याच्या जागी प्रचाराचा आख्खा भोंगा, हातात जिलेबीचं ताट, आणि पुढ्यात बसलेला गाव पाठ फिरवून जिलेबी खातोय. भोंग्यावर सतरा चिमण्या बसवल्या होत्या, एकेक मत म्हणून एकेक चिमणी, साखळी टाक्यात इतकी नाजूक भरलेली की मोजायला त्रास पडू नये.

‘पह्यली गोष्ट, मी जिलेबी वाटली नाही,’ निवृत्ती म्हणाला.

‘वाटली बापा,’ काका म्हणाले. ‘मी तीनदा खाल्ली. कच्चीच होती.’

‘बरं, जिलेबी सोडा. ह्या चिमण्या! काय गरज होती मोजून बसवायची?’

‘यायले विचारा,’ खांबाआडून आवाज आला, ‘चिमण्या कमी पडल्या का जास्त झाल्या? असंन चूक तं उसवते.’

निवृत्तीने चिमण्या पुन्हा मोजल्या. मतं सतराच होती. पण गप्प बसणं त्याच्या जातकुळीत नव्हतं, आणि घात तिथेच झाला. तो म्हणाला, ‘सतरा पडले, मान्य. पण ते बाहेरच्याइनं गद्दारी केली म्हणून. घरचे मतं तं मले सगळे होते.’

‘घरची किती रे?’ काकांनी सहज विचारलं.

‘तुमची अन् आमची मिळून बावीस.’

बावीस हा आकडा सपरीत पडला आणि तिथेच बसून राहिला. घरची बावीस, मिळाली सतरा. इतक्या वर्षांत हे साधं गणित निवृत्तीने कधी मांडलं नव्हतं, कारण मांडलं असतं तर सुटलं असतं. आता ते आपोआप सुटलं आणि त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली.

‘काका?’

‘मह्याकडे पाहू नको. मी तुलेच देल्लं. पोराइचं मले माहीत नाही.’ काकांनी बशी पुन्हा तोंडाला लावली. बशीत चहा नव्हता.

‘गोविंदा?’

गोविंदाने मान हलवली. कापडावर त्याला जयमालाने नंदीबैल केलं होतं. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, आणि मान अशी भरलेली की एका बाजूने बघितलं तर भावाला हो म्हणते, दुसऱ्या बाजूने बघितलं तर बायकोला. सतरंजीवरचा गोविंदा आणि खुर्चीशेजारचा गोविंदा एकाच लयीत मान हलवताहेत असं क्षणभर वाटलं.

‘दादा, मी त्याले बी हो म्हणलं होतं ना,’ तो शेवटी बोलला. ‘समोरच्याले. रस्त्यात भेटला तं काय म्हणू? मंग आत गेलो तं मले काही सुधरलंच नाही. तुह्यं बटन दाबू का त्याचं? म्हणून मी… ते सगळ्यात खालचं दाबलं.’

‘खालचं कोणतं?’

‘कोणीच नाही, ते.’

पुष्पाबाई फिसकन हसली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिच्या चेहऱ्यावरून ते इतकं चटकन उतरलं की आता विचारायची गरजच उरली नाही.

‘तू बी?’ निवृत्ती म्हणाला.

‘समोर उभा होता तो माह्या मावशीचा जावई होता!’ पुष्पाबाई उसळली. ‘तुमाले मत देऊन काय भेटलं असतं मले? घरात एक ग्लास उचलून ठेवत नाही, गाव काय उचलता तुम्ही! अन् माह्या मावशीनं लग्नात पैठणी नेसवली होती मले, तुमच्या घरातून काय आलं?’

जयमालाने पदर तोंडात धरला. हसू येतंय हे दिसू नये म्हणून. सव्वा वर्ष सुई चालवून तिला जे भरता आलं नव्हतं ते पाच मिनिटांत यांनी स्वतःच्या तोंडाने भरून टाकलं होतं. चिमण्या राहिल्या. नंदीबैलही राहिला, त्याला तर कोणी हरकतच घेतली नाही, खुद्द नंदीबैलाने सुद्धा.

पुष्पाबाईचं चित्र त्यापुढचं. हळदकुंकू वाहिलेला, हार घातलेला, उदबत्ती लावलेला फ्रीज, त्याला लोंबणारं हातभर कुलूप, आणि पुष्पाबाई त्याच्यापुढे आरती ओवाळते आहे. सकाळी याच चित्रावरून ती जयमालाच्या सात पिढ्या उद्धरून चुकली होती. पण आता तिचं भांडण नवऱ्याशी लागलं होतं आणि एका वेळी दोन भांडणं करायला तिला आवडत नसे.

‘राहू दे वं ते,’ ती जावेला म्हणाली. ‘कुलूप नवतं तसं, साखळी होती. पण राहू दे. उदबत्ती बाकी झक्कास काढली.’

‘ताई, धुराले तीन रंग लागले,’ जयमाला म्हणाली.

‘दिसते ना.’

किसनकाकांचं काम सगळ्यांत सोपं निघालं. मेहकरच्या एका लग्नात त्यांची कवळी जेवताना निसटली होती. जयमालाने काकांच्या शेजारी त्यांच्या दातांना वेगळी पत्रावळ आणि बासुंदीची वाटी वाढली होती, दात आपले स्वतंत्र बसून जेवताहेत. काकांनी डोळे बारीक करून बघितलं. ‘बासुंदीत नाही, कढीत पडले होते,’ ते म्हणाले. जयमालाने लगेच सुई काढली आणि दातांपुढची पांढरी वाटी पिवळ्या दोऱ्याने भरून दिली. काका खूश झाले. आपल्या नावाने न्यायाची अंमलबजावणी झालेली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी.

अकरा वाजले. जयमालाने मनातल्या मनात माणसं मोजली. पुष्पाबाई आपल्याकडे, काका आपल्याकडे, नवरा दोन्हीकडे, म्हणजे अर्धा आपल्याकडे. आक्काचा अंदाज येत नव्हता, बाकी एकटा भासरा उरला, आणि त्याचं निम्मं अवसान चिमण्यांनी नेलं होतं. आता चहा होईल, काका दोन म्हणी सांगतील, आणि आपण बसस्टँडवर जाऊ. तिला चक्क भूक लागल्यासारखं वाटलं.

तेव्हाच निवृत्ती खुर्चीतून उठला आणि कापडाच्या उजव्या कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.

‘अन् हे?’ तो म्हणाला. ‘हे कायचं चित्र हाय?’

कशाचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. चिखलीच्या कचेरीतलं टेबल. टेबलावर कागद. सासरे गेल्यावर तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी केलेला हक्कसोडीचा कागद, बहिणीने बापाच्या वावरातला वाटा भावांसाठी सोडल्याचा. टेबलाच्या कडेला नुसतीच एक कवळी, लेखणी दातात धरून साक्षीदाराची सही करते आहे. मागे दोन भाऊ, दोघांच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत राख्या. शेजारी ताटात घडी घातलेली साडी, नैवेद्यासारखी मांडलेली. अशा वेळी बहिणीला साडी नेसवायची रीत सगळीकडेच आहे. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, आणि नातं टिकलं म्हणतात. कागदापुढे आक्का बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून दोन निळी टपोरी आसवं पडत होती. गाठीचा टाका होता तो, हाताला लागेल इतका उठावदार.

‘हे उसवायचं,’ निवृत्ती म्हणाला. त्याचा आवाज सकाळपेक्षा खाली आला होता. ‘बाकीचं राहू द्या. चिमण्या राहू द्या, भोंगा राहू द्या. हे नाही.’

‘हे काढाच लागन,’ पुष्पाबाई म्हणाली. ती कधी उठून नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली, कळलंच नाही. मावशीचा जावई वगैरे सगळं विरून गेलं. ‘फ्रीज वेगळा अन् वावर वेगळं. माह्या दोन पोरी हाय लग्नाच्या. लोक काय म्हणतीन?’

जयमालाने काकांकडे बघितलं. नियम त्यांचा होता. खोटं ते उसवायचं, खरं ते ठेवायचं.

‘काकाजी, हे खोटं हाय का?’ तिने विचारलं.

काकांनी कवळी आतल्या आत जीभ लावून नीट बसवली. ‘खोटं नाही माय. पण खरं असलं तरी सगळंच दाखवायचं नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ.’

‘पण तुम्हीच तं म्हणले…’

‘मी म्हणलो ते गमतीच्या गोष्टीचं. हे गमतीचं हाय का?’

आणि तिथे सगळे एक झाले. सकाळपासून एकमेकांची उणीदुणी काढणारं हे घर, त्या हातभर कोपऱ्यापुढे एका ओळीत उभं राहिलं. मतं फोडणारे, साखळ्या लावणारे, चहा संपल्यावर बशी भुरकणारे, सगळे. जयमालाने शेवटी नवऱ्याकडे बघितलं. गोविंदा कापडावरच्या राख्यांकडे बघत होता. तिला वाटलं, आता तरी.

‘जाऊ दे ना जयमाला,’ गोविंदा म्हणाला. ‘एवढासाच तं कोपरा हाय.’

ती उठली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला तो तिने पुन्हा घेतला नाही. सुईदोऱ्याच्या डब्यातून कातर काढली आणि सरळ निवृत्तीसमोर जाऊन उभी राहिली. नवऱ्याकडे नाही, भिंतीकडे नाही.

‘घ्या, भाऊजी,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच उसवा. मह्या हातानं होत नाही. अन् हे उसवलं तं बाकीचं बी उसवा. चिमण्या पाहून पुण्याचे लोक हासतीन अन् घरी जातीन. मी काय तुमची टिंगल करायसाठी सव्वा वर्ष डोळे फोडले? ह्या कोपऱ्यासाठी टाचलं मी सगळं. हा गेला तं मले पुण्याले जायचंच नाही.’

निवृत्तीने कातर हातात घेतली, कारण समोर आलेली वस्तू घ्यायची त्याला सवय होती. मग तो कापडाशी उकिडवा बसला. कुठून सुरुवात करायची ते त्याला समजेना. एक राखी धरायला गेला तर दोरा बोटात येईना. उलट्या बाजूने उसवतात हे त्याला कोण सांगणार? लाल झालेल्या कानांनी तो तसाच बसून राहिला. तोंडावर बोलणारी धाकटी भावजय आणि न उसवणारा दोरा, दोन्ही त्याला नवीनच होतं.

‘साडी तं चांगली देल्ली होती आक्काले,’ गप्प बसणं असह्य होऊन पुष्पाबाई म्हणाली. ‘चिखलीहून मी सोता निवडून आणली होती. ती चांगली, अन् येथे कशी मरतुकडी काढली पाहा!’

‘चांगली होती का पुष्पा?’ अन्नपूर्णाबाई म्हणाली.

सकाळपासूनचा तिचा हा पहिला शब्द. सगळे वळले.

‘होती ना आक्का. सुती, काठाची.’

‘मंग हात लावून पाह्य बरं.’

‘कायले?’

‘हे काय तुह्या पायाजवळ. पह्यल्याच धुण्यात रंग गेला तिचा. मले नेसवे नाही, अन् टाकवे बी नाही. गेल्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीले मी जयमालाले देल्ली, म्हणलं, तुले काही करता आलं तं पाह्य. सकाळपासून तुम्ही सगळेजण तिच्यावरच तं भांडून राह्यले.’

पुष्पाबाईने पाय मागे घेतला. मग वाकून कापडाचा काठ उलटून बघितला, आणि तिथे चिखलीच्या दुकानाच्या शिक्क्याचा पुसट निळा डाग दिसला तेव्हा तिने काठ हळूच पुन्हा होता तसा ठेवला.

निवृत्तीने मात्र शेवटची काडी धरली. ‘आक्का,’ तो म्हणाला, ‘साडीचं जाऊ दे. तूच सांग. तुह्यं चित्र हाय, तुह्या तोंडानं सांग. हे असंच झालं होतं का? खरं हाय का हे?’

अन्नपूर्णाबाईने पिशवी खाली ठेवली. चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि कोपऱ्यावर वाकली. टेबल बघितलं, कागद बघितला, दात बघून किंचित हसली. मग स्वतःच्या चेहऱ्यापाशी आली आणि तिथेच थांबली. ते दोन निळे ठिपके तिने बोटाने चाचपले.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘हे खोटं हाय.’

जयमालाने भरून ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं.

‘झालं!’ निवृत्ती उभा राहिला. कातर त्याने हवेत फिरवली. ‘ऐकलं ना काका? आक्काच म्हणते खोटं हाय. खोटं ते उसवायचं, ठरलं होतं. उसव आता!’

‘हाव, उसवच,’ अन्नपूर्णाबाई म्हणाली. ‘जयमाला, हे आसू कोठून आणले वं तू?’

‘आक्का, मले वाटलं… तुमी रडल्या असान.’

‘तू नवती तेथं. मी रडली नाही. मी हसली होती.’

अन्नपूर्णाबाईने कापडावरच्या कागदावर बोट टेकवलं.

‘त्या खिडकीतल्या पोरानं फोटो काढला ना, कागदावर लावायले. मले काही समजे ना कोठं पाहू. अन् हा निवृत्ती मागून म्हणे, आक्का, हस ना जराशी, फोटो काढून राह्यले. घरचंच तं काम हाय. मंग मी हसली. कागदावर हाय ना तो फोटो, पाहून घ्या. दात दिसून राह्यले माहे.’ तिने चष्मा वर सरकवला. ‘आसू उसव अन् हसू भर. खोटं काऊन ठेवायचं?’

जयमाला तिच्याजवळ जाऊन बसली. तिला स्वतःचीच लाज वाटली. सगळ्यांची सोंगं बरोब्बर पकडणाऱ्या आपल्या सुईला नेमकं इथेच कसं चुकावं? बाई, वाटा आणि कागद म्हटलं की आसवं, एवढं स्वस्त तिने कसं धरून चालावं? तिने निवृत्तीच्या हातातून कातर घेतली, कापड उलटं केलं आणि मागून गाठी कापल्या. दोन्ही निळे ठिपके सुटून तिच्या तळहातावर आले. मग लाल दोरा. तीन टाके उलट्या टिपेचे, कोपरे जरा वर. दातांसाठी मधून पांढरा धावदोरा. दहा मिनिटांचं काम.

कापड पुन्हा सरळ केलं आणि सगळे वाकून बघायला लागले.

कागदावर सही करणारी आक्का हसत होती. भोळं, तोंडभर हसू, भावाने हस म्हटलं म्हणून हसलेलं. मागे राख्या, बाजूला साडी, आणि मध्ये ते हसू. बघवत नव्हतं. पुष्पाबाईने बघितलं आणि ती चुलीकडे निघून गेली. काकांना अचानक घरची आठवण झाली. गोविंदाची मान हलायची थांबली होती. निवृत्ती एकटाच तसाच वाकून राहिला. बहिणीचा तो फोटो, कागद घरात आल्यापासून, त्याच्याच कपाटात होता, पण त्याने तो कधी बघितला नसावा.

‘जयमाला,’ तो म्हणाला. ‘ते आसूच बरे होते वं. ते परत टाकून दे.’

साडेबारा होऊन गेले होते. जयमालाने कापडाची घडी घातली, कोपरा आत जाईल अशी नाही, वर राहील अशी. पिशवीत ठेवली. अन्नपूर्णाबाई आपली पिशवी उचलून आधीच पायरी उतरली होती, तिला बसस्टँडवर सोबत करायला.

‘टाकीन ना, भाऊजी,’ जयमाला म्हणाली. ‘आक्का रडल्या की टाकीन.’